पक्ष्यांच्या जोड्या लावताय? या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे भरदुपारी मुलांना बाहेर सोडायची सोय नसते, म्हणून घरोघरी पत्ते निघतात. पक्ष्यांच्या जोड्या लावायचा खेळ त्यातला सोपा. पत्ते पालथे मांडायचे, एका वेळी दोन उलटायचे, पक्षी जुळले तर जोडी आपली, नाहीतर पुन्हा पालथे. तरीही थोड्याच वेळात रडारड सुरू होते. खापर मुलांवर फुटतं, पण बहुतेक वेळा पत्तेच चुकीचे निवडलेले असतात.

घरी पत्ते बनवणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे नर-मादीचा घोळ. नेटवरून मिळतील ती चित्रं उतरवली जातात. कोकीळ नर काळाभोर, लाल डोळ्यांचा; मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके. एका पत्त्यावर नर, दुसऱ्यावर मादी आली की चार वर्षांचं पोर ती जोडी मानतच नाही. उलट काळ्या कोकिळाला थेट कावळ्याशेजारी ठेवतं, आणि त्याच्या डोळ्यांना दिसतं त्याप्रमाणे ते बरोबरच असतं. शिंजीरचंही तेच. विणीच्या काळात नर जांभळा-निळा चमकतो, मादी वरून मळकट हिरवी आणि पोटाशी पिवळट. हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात येणारी बदकं घेतलीत तर आणखी पंचाईत, कारण त्यातल्या बऱ्याच जातींच्या माद्या भुरकट तपकिरी.

म्हणून लहानांसाठी दोन्ही पत्त्यांवर तंतोतंत एकच चित्र हवं. बुलबुल, साळुंकी, टिटवी, खंड्या यांच्यात नर-मादी सारखेच दिसतात, सुरुवात त्यांच्यापासून करा. सात-आठ वर्षांच्या मुलांना नर-मादीच्या जोड्या लावायला मजा येते, पण मग सगळा डावच तसा ठेवा. सरमिसळ नको.

खान्देशातल्या माणसाला रानपिंगळा, म्हणजे रानातलं छोटं घुबड, घ्यायचा मोह होणारच. १८८४ नंतर ज्याचा पत्ता नव्हता, तो पक्षी नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा सापडला. जरूर घ्या, पण साध्या पिंगळ्याबरोबर नको. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळपास कोरं. पत्त्याएवढ्या चित्रात हा फरक मोठ्यांच्याही लक्षात येत नाही.

पुठ्ठ्यासाठी जुन्या लग्नपत्रिका कापण्याची कल्पना चांगली, फक्त पाठीमागे गणपती, कलश, सोनेरी वेल तसंच राहू देऊ नका. मुलं पक्षी लक्षात ठेवतच नाहीत, ‘अर्ध्या कलशाखाली पोपट’ असं पाठ करतात. सगळ्या पत्त्यांच्या पाठीला एकाच तावातला खाकी कागद चिकटवा. झेरॉक्सचा साधा कागद ७०-८० जीएसएमचा (एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम), म्हणजे पातळ असतो, त्यातून चित्र आरपार दिसतं. जोडीचे दोन्ही पत्ते एकाच वेळी छापून घ्या, नाहीतर एक पोपट हिरवा आणि दुसरा निळसर निघतो.

पत्ते वाकायला लागले तर कूलर बघा. त्याच्या दमट हवेने पुठ्ठा कोपऱ्यांत उचलला जातो आणि खालचं चित्र डोकावतं, शिवाय झोत आला की डावच उडतो. झोतापासून बाजूला बसा, रात्री पत्ते जाड पुस्तकांखाली दाबून ठेवा. गुळगुळीत फरशीवर चिमुकल्या बोटांना पत्ता उचलता येत नाही, सतरंजी अंथरा.

चार वर्षांच्या मुलाला ६ जोड्या, म्हणजे १२ पत्ते पुरेत. तीन-तीनच्या चार रांगा करा आणि डाव संपेपर्यंत पत्ते सरकवू नका. उलटलेला पत्ता स्वतःकडे धरून बघायची सवय मुलांना असते. तो जागेवरच, सगळ्यांना दिसेल असा उलटायचा आणि तीन म्हणेपर्यंत तसाच ठेवायचा.

जोडी मिळाली की पुन्हा खेळी, हा नियम एकाच वयाच्या मुलांत ठीक. दहा वर्षांची ताई आणि चार वर्षांचा भाऊ समोरासमोर बसले तर ताई एका दमात निम्मा डाव उचलते. तिथे हा नियम काढून टाका. मोठ्यांनी मुद्दाम हरू नये, मुलांना ते लगेच कळतं. आणि जोडी मिळाल्यावर ‘सांग बरं, हा कुठे राहतो? काय खातो?’ अशी परीक्षा तर मुळीच घेऊ नका. उलटताना तुम्हीच ‘हा तांबट’ एवढं म्हणा.

खेळण्याआधी पत्ते मोजा. एखादा हरवला असेल तर त्याच्या जागी नवा काढून घालू नका, पाठीवरून तो ओळखू येतो. त्याचा जोडीदारही बाजूला काढा आणि ५ जोड्यांवर खेळा.