हिरवा वृक्षबेडूक पाळताय? या चुका टाळा

हा हिरवा वृक्षबेडूक, म्हणजेच व्हाइट्स ट्री फ्रॉग, मूळचा ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीतला. गुबगुबीत, शांत आणि माणसाला फारसा न बुजणारा, म्हणून पाळणाऱ्यांचा लाडका. गंमत म्हणजे त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थ 'निळा' असा होतो. १७९० साली त्याचं वर्णन झालं, पण जपून ठेवलेल्या नमुन्यातला पिवळा रंग उडून गेला होता, म्हणून हिरवा बेडूक निळा दिसला! नीट सांभाळला तर तो १५-२० वर्षं जगतो, तेव्हा हौस दोन महिन्यांची असेल तर आणूच नका. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात तो पाळायला परवानाही लागतो.

सगळ्यात मोठी चूक पाण्याची. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीतून शोषतो. भांड्यात जे असेल ते थेट अंगात जातं. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडतं, हे खरं. पण बऱ्याच शहरांत पाणी शुद्ध करायला क्लोरामाइन वापरतात, आणि ते असं उडत नाही. माशांच्या दुकानात मिळणारं क्लोरीन काढायचं औषध घाला. पाणी रोज बदला, कारण साहेब त्याच भांड्यात शी करतात. हात लावायचा तोही नाइलाज असेल तेव्हाच, धुतलेल्या ओल्या हाताने. क्रीम किंवा साबणाचा अंश नको. नंतरही हात धुवा, पोट बिघडवणाऱ्या साल्मोनेला जिवाणूचा धोका असतो.

दुसरी चूक पाण्याच्या अति फवारणीची. बेडूक म्हणजे चिखल, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. हा मात्र बऱ्यापैकी कोरडा काळ सोसणारा प्राणी. त्याला ठेवलेली काचेची टाकी कायम ओलीचिंब आणि हवा कोंडलेली असली की कातडीला संसर्ग होतो. फवारल्यानंतर काही तासांत पानं सुकली पाहिजेत.

मग खाणं. समोर किडा हलला की हा झडप घालणारच. ती भूक समजू नका. डोळ्यांवर चरबीच्या वळ्या लोंबायला लागल्या तर दोष आपला. मोठ्या बेडकाला आठवड्यातून दोन-तीनदा थोडे रातकिडे पुरतात. त्यांवर कॅल्शियम आणि डी३ जीवनसत्त्वाची पूड भुरभुरा, नाहीतर हाडं मऊ पडून जबडा वाकडा होतो. बागेतले किडे नकोत, त्यांच्यावर कीटकनाशक असू शकतं. उरलेले रातकिडे रात्री टाकीत ठेवले तर तेच बेडकाला चावतात.

तळाला बारीक खडी घालू नका. किड्याबरोबर ती पोटात जाऊन आतडं तुंबतं. साधा टिश्यू पेपर दिसायला भिकार, पण सुरक्षित. आणि लहान बेडूक सोबतीला ठेवाल तर तो मोठ्याच्या पोटात जाईल.

बेडूक तपकिरी पडला? आधी तापमान बघा. दिवसा २४ ते २८ अंश हवं, रात्री थोडं कमी चालतं. जांभया देत अंगाची कात ओढून खातोय? घाबरू नका, तो तसंच करतो. पण दिवसाढवळ्या जमिनीवर मलूल बसला, कात सारखी गळतेय, पोट किंवा मांड्या लाल झाल्या, तर त्याच दिवशी बेडकांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्या. काइट्रिड ही बेडकांच्या कातडीला लागणारी बुरशी असू शकते. तोवर तो वेगळा ठेवा, त्याच्या टाकीचं पाणी बागेत किंवा गटारात ओतू नका, आणि 'निसर्गात सोडून देऊ' हा विचार तर अजिबात नको. याच बुरशीने जगभर बेडकांच्या कितीतरी जाती संपवल्या आहेत.