कांद्याच्या किरकोळ भावाची नोंद ठेवताना या चुका टाळा

ग्राहक संघटना, शेतकरी उत्पादक कंपन्या, पत्रकार आणि विद्यार्थी असे अनेक जण वेगवेगळ्या शहरांतील कांद्याचे किरकोळ भाव नेमाने टिपून ठेवतात. तरीही अशा नोंदींवरून काढलेले निष्कर्ष पुष्कळदा चुकतात. बहुतेक वेळा दोष आकडेमोडीत नसतो, तर ज्यांची तुलना होऊ शकत नाही असे भाव एकाच रकान्यात लिहिलेले असतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे वहीत नुसते ‘कांदा’ असे लिहिणे. महाराष्ट्रात खरिपाचा लाल कांदा साधारण ऑक्टोबरपासून बाजारात येऊ लागतो, जानेवारी ते मार्च या काळात रांगडा कांदा येतो आणि एप्रिल-मे महिन्यांत टिकाऊ उन्हाळ कांदा निघतो, जो चाळीत (कांदा साठवण्याच्या हवेशीर शेडमध्ये) साठवून पुढे पावसाळाभर विकला जातो. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास नवा, ओलसर लाल कांदा आणि चाळीतला जुना उन्हाळ कांदा एकाच विक्रेत्याकडे दोन वेगळ्या भावांनी मिळू शकतात. ऑक्टोबरात उन्हाळ कांद्याचा आणि नोव्हेंबरात लाल कांद्याचा भाव लिहिला, तर कागदावर दिसणारी घसरण भावाची नसून कांदाच बदलल्याची असते. गोल्टी (लहान आकाराचा कांदा) आणि मोठा निवडक कांदा यांच्याबाबतीतही हेच घडते. म्हणून प्रत्येक नोंदीत हंगाम व आकार लिहावा, आणि दोन्ही कांदे बाजारात असतात त्या आठवड्यांत दोहोंचे भाव शेजारी-शेजारी टिपावेत. हंगाम बदलताना तुटणारी मालिका जोडायला ही जोडनोंदच उपयोगी पडते, आणि ती मागाहून मिळवता येत नाही.

दुसरी चूक घाऊक भावालाच किरकोळ भाव समजण्याची आहे. लासलगावचा भाव क्विंटलचा असतो, पुण्याच्या बाजारातील भाव बहुधा दहा किलोंचे छापले जातात आणि किरकोळ विक्री किलोने होते. म्हणजे लासलगावचे २,००० रुपये, पुण्याच्या यादीतील २०० रुपये आणि किलोचे २० रुपये हा एकच भाव आहे. अ‍ॅगमार्कनेट हे केंद्राचे बाजारभावांचे संकेतस्थळ आणि राज्य कृषी पणन मंडळ यांच्याकडील दर बाजार समित्यांतले, म्हणजे घाऊक असतात; किरकोळ भावांची दैनिक नोंद केंद्राचा ग्राहक व्यवहार विभाग ठेवतो. घाऊक भावात ठरावीक टक्के मिळवून किरकोळ भाव काढणेही योग्य नाही, कारण वाहतूक, हमाली, बारदान आणि सड-घट यांचा खर्च भावाच्या प्रमाणात कमी-जास्त होत नाही. घाऊक भाव निम्म्यावर आला तरी किरकोळ भाव निम्म्यावर येत नाही, आणि जो काही उतरतो तोही उशिरा.

सवलतीच्या सरकारी विक्रीसाठी वेगळा रकाना हवा. ५ सप्टेंबर २०२४ रोजी नाफेड आणि एनसीसीएफ या राष्ट्रीय सहकारी संस्थांमार्फत ३५ रुपये किलोने विक्री सुरू झाली. असे दर बाजारभावात मिसळले, तर शहराची सरासरी विनाकारण खाली येते.

ज्या दिवशी भाव मिळाला नाही, ती जागा रिकामीच ठेवावी. तेथे शून्य भरले की सरासरी कोसळते. कालचाच आकडा पुन्हा लिहिला की भाव खोटा स्थिर दिसतो. प्रदेशाची सरासरी काढताना तालुक्याचे गाव आणि मुंबई यांना समान वजन देणेही दिशाभूल करणारे आहे, कारण दोन्हीकडचा खप सारखा नसतो.

नोंदीत अचानक उडी दिसली, तर प्रथम एकक तपासावे, मग कांद्याचा हंगाम व आकार, मग विक्रीचे ठिकाण; हे सर्व जुळले तरच बाजारातील कारण शोधावे. त्यासाठी धोरणात्मक निर्णयांच्या तारखा त्याच तक्त्यात असाव्यात : ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी, ४ मे २०२४ रोजी टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्कासह ती मागे, १ एप्रिल २०२५ पासून उरलेले २० टक्के शुल्क रद्द. मात्र अशा निर्णयाचा परिणाम लिलावात आधी आणि किरकोळ बाजारात नंतर दिसतो, म्हणून निर्णयाच्या दुसऱ्याच दिवशीच्या किरकोळ भावावरून त्याचा परिणाम मोजू नये.