जुन्या बोटीचं लायनिंग बदलताय? या चुका टाळा

आमचं काम तसं बेळगावात गाड्यांच्या सीटा आणि छताच्या कापडाचं, पण चोर्ल्यातून गोवा जवळ, त्यामुळं पावसाळ्यात पाण्याबाहेर काढलेल्या छोट्या केबिनच्या फायबर बोटी अधनंमधनं ट्रेलरवरनं येतात, लायनिंग बदलायला, म्हणजे केबिनच्या आतनं भिंतींना-छताला चिकटवलेलं कापड किंवा कार्पेट. बऱ्याच मालकानं आधी घरी प्रयोग करून वाट लावलेल्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जुना फोम तसाच ठेवून वरनं नवीन कार्पेट चिकटवणं. लायनिंगच्या पाठीचा फोम कुजून त्याचं पीठ होतंय, ओढलं की कापड तेवढं हातात येतंय आणि पिवळं चिकट पीठ फायबरलाच राहतंय. नवीन सोल्युशन (चिकटवायचा गोंद) त्या पिठाला धरतंय, बोटीला नाही. मी पण केलंय हे, लपवायचं काय. मालकाचा रोज फोन, "मामा, चवथीआधी पाहिजे हं", मग मी वरवर खरवडून छत मारलं. निघताना एकदम झकास. घाट उतरून गोव्यातल्या साखळी गावाला पोचला आणि फोन आला, अख्खं छत खाली लोंबतंय. ट्रेलर परत, डिझेल माझं.

तेव्हापासनं आधी स्क्रॅपर, मग ड्रिलला वायर ब्रश, मग एसिटोनचं फडकं (ओतायचं नाही, जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत थर, खराब होतोय), शेवटी तळहात फिरवायचा, पीठ लागलं की परत पहिल्यापासनं. दोन दिवस जातात, जाऊदेत. मास्क आणि फुल बाह्यांचा शर्ट घाला, नाहीतर फायबरच्या धुळीनं रात्रभर खाजवत बसा.

दुसरं, झड लागलेली असताना चिकटवणं. सोल्युशनमधलं सॉल्व्हंट उडताना थर गार पडतो, हवेतली ओल त्यावर बसते, पांढरट साय दिसली की समजायचं गेलं काम. मी आदल्या रात्री हॅलोजन लावून फायबर सुकवतो आणि डबा उघडायच्या आधी तो बंद करून बाहेर काढतो, कारण त्या वाफेला ठिणगी पुरते. केबिनची दारं-खिडक्या उघडी, बिडीवाल्यांनी लांब. सोल्युशन दोन्ही बाजूंना, हाताचं बोट लावून तार यायची थांबली की मगच दाबायचं, मधनं सुरू करून कडेकडे. पंधरा मिनिटं थांबवत नसेल तर हे काम घेऊच नका.

सुतारकामाचा पांढरा गोंद नको, ओल लागली की सुटतो.

जुने तुकडे फेकू नका, तेच माप, फक्त आकसलेले असतात म्हणून चारी बाजूंनी 5 सेंटिमीटर जास्त कापा.

आणि सगळ्याच्या आधी खिडक्यांवर बाहेरनं पाइप मारून आत टॉर्चनं बघा. गळती तशीच ठेवून कार्पेट लावलं तर महिन्यात वास मारतंय, मग मला फोन करतात.