मेक्सिकोतून कॅनडाच्या शेतावर मजुरीला जायचं तर सीझन कसा काढायचा

समजा तुम्ही मेक्सिकोच्या त्लास्काला राज्यातले शेतमजूर आहात, घरी बायको, दोन पोरं, जेमतेम मका, आणि कॅनडाला जाऊन येणारा शेजारी स्लॅबचं घर बांधतोय. आता तुम्हालाही जायचंय. तर एक गोष्ट आधीच डोक्यात फिट करा, पुढच्या वर्षी बोलावणं येणार की नाही हे बऱ्याच अंशी मालकाच्या मर्जीवर असतं आणि बाकी सगळं त्याभोवतीच फिरतं. (मराठी माणूस हे कशाला वाचेल म्हणाल, तर टोरांटोत राहणाऱ्यांनी घरातली काकडी-टोमॅटो कुणाच्या हातून आलेत ते बघावं.)

कॅनडाच्या शेतांवर हंगामी मजूर नेण्याचा हा कार्यक्रम दोन सरकारांमधला आहे. कॅनडाने 1966 मध्ये जमैकापासून सुरू केला, मेक्सिको 1974 ला आत आला. म्हणजे आपल्याकडे बीडचा ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेऊन निघतो तसा इथे मुकादम नाही, अर्ज सरकारी रोजगार कार्यालयात करायचा आणि तो फुकट असतो. फेसबुकवर कुणी "जागा पक्की करतो, एवढे पेसो टाका" म्हणाला तर तो चोर आहे, विषय संपला. वय साधारण 22 ते 45, शेतीचा अनुभव हवा, शिक्षण जास्त नसलं तर उलट बरं, आणि बायको-मुलं असलेल्याला आधी घेतात, कारण असा माणूस परत घरी जाईल असा हिशोब. बायका फार थोड्या जातात. मेडिकल, कागदपत्रं, बोटांचे ठसे, राजधानीच्या फेऱ्या यात मात्र पदरचे पैसे जातात, ते आधीच बाजूला काढा, व्याजाने घेऊ नका.

पहिल्या वर्षी कुठे जायचं ते तुम्ही ठरवत नाही. ऑन्टारियो प्रांतातल्या लेमिंग्टनच्या काचघरात टोमॅटो-मिरचीला जाल, नायगाराच्या बागेत, क्यूबेकमध्ये भाजीला, नाहीतर ब्रिटिश कोलंबियाच्या फ्रेझर खोऱ्यात ब्लूबेरीला, तिथे मालक पंजाबीही असू शकतो. मुदत जास्तीत जास्त आठ महिने आणि 15 डिसेंबरच्या आत परत. करारात किमान 240 तास कामाची हमी असते. विमानाचं तिकीट मालक काढतो पण बहुतेक प्रांतांत त्यातला काही भाग पगारातून कापतो, राहणं फुकट, ब्रिटिश कोलंबियात मात्र खोलीचे पैसे कापता येतात. करार स्पॅनिशमध्ये मागा, वाचा, आणि सगळ्या पानांचा फोटो काढून बायकोला व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवा.

आता पैशाचं. ऑन्टारियोत ऑक्टोबर 2024 ते सप्टेंबर 2025 किमान वेतन तासाला 17.20 कॅनेडियन डॉलर होतं, आणि मेक्सिकोत 2025 चं साधं किमान वेतन अख्ख्या दिवसाचं 278.80 पेसो होतं. म्हणजे मेक्सिकोतल्या दिवसाच्या मजुरीच्या आसपास कॅनडात एका तासात, म्हणूनच लोक दहा-बारा तास खपतात आणि रविवारी पण काम मागतात. पण दीडपट ओव्हरटाइम वगैरे विसरा, ऑन्टारियोच्या शेतमजुरांना तो नियमच लागू नाही. रोज किती ते किती काम केलं हे वहीत लिहा आणि पगाराच्या स्लिपशी ताडून बघा, भांडायला नाही, पण वही नसेल तर बोलायलाच काही उरत नाही. टॅक्स, पेन्शन आणि बेरोजगारी विमा कापला जातो. शेवटच्याचा वैताग येणं साहजिक आहे, कारण हप्ता भरायचा आणि सीझन संपला की गावाला परत, मग बेकार भत्ता घेणार कुठून.

राहायला बंक बेडची खोली, आठ-दहा जणांत एक किचन. पहिल्या आठवड्यातच शेगडीचं वेळापत्रक ठरवून टाका, अर्धी भांडणं त्यावरून होतात. आठवड्यातून एकदा गावात न्यायला बस येते, त्याच संध्याकाळी बाजार, पैसे पाठवणं आणि टाको, सगळं उरकायचं. मक्याचं पीठ, राजमा, सुक्या मिरच्या लेमिंग्टनमध्ये मिळतात. सायकल घ्याल तर मागे-पुढे लाइट लावाच, अंधाऱ्या रस्त्यावर गाड्या सुसाट असतात आणि मजूर मेलेत त्यात.

सगळ्यात अवघड भाग म्हणजे आजारपण. पाठ धरली, औषध फवारणीनंतर डोळे चुरचुरले, तरी माणूस गप्प बसतो कारण आजारी मजुराला पुढच्या वर्षी कोण बोलावेल. भीती खोटी नाही, करारात मालकाला पुरेसं कारण दाखवून लवकर घरी पाठवायची सोय आहेच. तरी पण. ऑन्टारियोचं हेल्थ कार्ड पोचल्याबरोबर मागा. दवाखान्यात "हे कामावर झालं" असं स्पष्ट सांगा, म्हणजे डॉक्टर अपघात विम्याच्या बोर्डाला कळवतो. सुपरवायझरला दुभाष्या म्हणून नेऊ नका, दुसरा कुणी शोधा. धोकादायक काम नाकारायचा हक्क ऑन्टारियोतल्या शेतांवर 2006 पासून आहे, कागदावर तरी आहे आणि कागद कधीकधी उपयोगी पडतो. 2020 मध्ये कोविडने ऑन्टारियोत मेक्सिकन मजूर दगावले तेव्हा मेक्सिकोने काही दिवस माणसं पाठवणं थांबवलं होतं, त्यावरून खोल्यांची गर्दी कशी असते ते समजा.

मालक फारच वाईट निघाला, मारहाण, धमक्या, पासपोर्ट काढून घेणं, तर जून 2019 पासून वेगळं ओपन वर्क परमिट, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही मालकाकडे काम करायचा परवाना, मागता येतं, फी नाही. मजुरांना मदत करणाऱ्या संस्थेकडून अर्ज भरून घ्या, पुरावे, फोटो, मेसेज जपून ठेवा. साधी बदली हवी तर तुमची, दोन्ही मालकांची आणि सरकारी लोकांची संमती लागते, त्यामुळे ती क्वचितच पटकन होते.

सीझनच्या शेवटी मालक तुमच्याबद्दल रिपोर्ट लिहितो आणि पुढच्या वर्षी नाव घालून मागणी पाठवायची का ते ठरवतो. एकदा नाव लागलं की तोच मालक वीस-वीस वर्षं बोलावतो, असे कितीतरी आहेत. टॅक्स रिटर्न एप्रिलअखेर भरा, एजंट किती टक्के घेतोय ते सही करण्याआधी विचारा. आणि कॅनडाच्या पेन्शनचा सोशल इन्शुरन्स नंबर घरी लिहून ठेवा, साठीनंतर मेक्सिकोतूनच तिचा अर्ज करता येतो, बरेच जण करतच नाहीत.