जुना पिकअप गरम झाला की स्टार्ट घेत नाही? डेल्को फिरवायच्या आधी हे बघा

सकाळी पहिल्या सेल्फला चालू होणारी गाडी, वीस-पंचवीस मैल चालवून पेट्रोल भरायला थांबलात, पाच मिनिटांनी किल्ली फिरवली की इंजिन जडशीळ फिरून मधेच अडकतं, नाहीतर भराभर फिरतं पण पकडतच नाही. बॉनेट उघडून पाऊण तास सावलीत उभी केली की काही झालंच नाही अशी परत चालू. माझ्याकडे १९७८ चा शेव्हरोले सी-१० आहे, ३५० क्युबिक इंचाचं म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८, कार्बोरेटरवालं, आणि राहतो फिनिक्सला जिथे उन्हाळ्यात ४३-४४ डिग्री रोजचेच. एका वर्षी मंडळाच्या गणपतीचं मखर मागे बांधून निघालो होतो आणि गाडी अशी बसली की मखर शेवटी दुसऱ्याच्या व्हॅनमधून न्यावं लागलं. तेव्हापासून हे सगळं एकेक करून शिकलो, ते इथे क्रमाने लिहितोय. डिस्ट्रिब्युटर आणि कार्बोरेटर असलेल्या कुठल्याही जुन्या पिकअपला क्रम हाच लागतो, आकडे मात्र तुमच्या गाडीचे घ्या.

डिस्ट्रिब्युटर म्हणजे एकेका प्लगला वेळेवर ठिणगीचा करंट वाटून देणारा भाग, आपल्याकडे गॅरेजात त्याला डेल्को म्हणतात, मीही तेच म्हणणार. हे नाव आलं ते चार्ल्स केटरिंग यांनी १९०९ मध्ये ओहायोतल्या डेटनला काढलेल्या डेल्को कंपनीवरून, आणि १९१२ च्या कॅडिलॅकला विजेवरचा सेल्फ दिला तो त्यांनीच. आज ज्या दोन गोष्टींवर आपला सगळा वेळ जाणार आहे, सेल्फ आणि डेल्को, त्या एकाच घरातल्या आहेत हे मला फार आवडतं.

आधी नेमकं काय होतंय ते बघा

बहुतेक लोक इथेच चुकतात. गरम स्टार्टचा त्रास म्हटलं की कोणीतरी येऊन डेल्को सैल करतो आणि आवाज ऐकून अंदाजाने फिरवायला लागतो, किंवा थेट नवीन सेल्फ आणतो. तसं करू नका. गाडी वीस मिनिटं चालवा, बंद करा, पंधरा मिनिटं थांबा, मग किल्ली फिरवा. पंधरा मिनिटं यासाठी की इंजिन बंद केल्यावर पाणी फिरायचं थांबतं, पंखा थांबतो, पण ब्लॉक आणि एक्झॉस्टमधली उष्णता कुठे जात नाही, त्यामुळे बॉनेटखालचं तापमान आधी वाढतं आणि मग उतरतं. सेल्फ, कार्बोरेटर, डेल्कोतलं मॉड्यूल (ठिणगीचा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), सगळे तेव्हाच सगळ्यात जास्त भाजत असतात.

आता तीनपैकी एक होईल. सेल्फ हळू फिरेल, अडकेल किंवा नुसतं टक करून गप्प बसेल. किंवा सेल्फ छान फिरेल पण प्लगला करंट नसेल. किंवा फिरतंय, करंटही आहे, पण पेट्रोलचा घोळ आहे. कुठला प्रकार ते कळल्याशिवाय पाना हातात घेऊ नका.

सेल्फ जड फिरत असेल तर

एक सोपी टेस्ट आहे आणि ती मला सगळ्यात आधी कोणी सांगितली असती तर माझे दोन महिने वाचले असते. माझ्या गाडीत एचईआय (हाय एनर्जी इग्निशन) जातीचा इलेक्ट्रॉनिक डेल्को आहे, कॉइल वरच्या टोपीतच बसलेली. टोपीच्या बाजूला बॅट असं लिहिलेल्या टोकाला एक वायर येते, इंजिन गरम असताना, किल्ली बंद ठेवून, ती वायर काढा. आता गाडी पार्कमध्ये, हँडब्रेक लावलेला, चाकाला लाकडाचा ठोकळा, आणि सेल्फ मारा. करंटच नाही त्यामुळे इंजिन चालू होणार नाही, फक्त फिरेल. ते जर आता मोकळं, एकसारखं फिरलं आणि वायर परत लावल्यावर पुन्हा अडकायला लागलं, तर सेल्फ चांगला आहे, बॅटरी चांगली आहे, तुमचं टायमिंग पुढे गेलंय. पिस्टन वर पोचायच्या फार आधी ठिणगी पडते, गरम इंजिनात मिश्रण लगेच पेटतं आणि तो दाब पिस्टनला उलटा ढकलतो, सेल्फ त्याच्याशी झगडत बसतो. माझ्या गाडीत हेच होतं, आधीच्या मालकाने पिकअप वाढावा म्हणून डेल्को पुढे ओढून ठेवलेला.

वायर काढूनही जडच फिरत असेल तर मग बॅटरी, केबल आणि सेल्फ. मल्टिमीटर घ्या. उभ्या गाडीत बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे आणि सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको. नंतर मीटरचा लाल टोक बॅटरीच्या प्लसच्या खांबावर, काळा टोक सेल्फवरच्या जाड बोल्टवर, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर ती केबल आतून सडलीय किंवा टोकं खराब आहेत. तसंच मायनसच्या खांबापासून इंजिन ब्लॉकपर्यंत बघा, तिथे ०.२ च्या वर नको. मग सेल्फच्या सोलेनॉइडवर, म्हणजे सेल्फला करंट जोडून देणाऱ्या चुंबकी स्विचवर, एस नावाचा छोटा बोल्ट असतो, त्याला जांभळी वायर येते, सेल्फ मारताना तिथे किती व्होल्ट पोचतात बघा. किल्लीचा स्विच, न्यूट्रलचा स्विच, पंचेचाळीस वर्षं जुने कनेक्टर, सगळीकडे थोडं थोडं गळून तिथे आठ-साडेआठच उरत असतील तर थंडीत चालतं आणि गरममध्ये नुसतं टक होतं. कारण तांब्याचा रोध तापमान १०० डिग्रीने वाढलं की जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढतो, सोलेनॉइडची कॉइल तांब्याचीच, कमी करंट म्हणजे कमी ओढ. इथे बॅटरीजवळ एक रिले टाकून एस बोल्टला थेट जाड वायरने पुरवठा द्यायचा, स्वस्तातलं काम आहे. एक्झॉस्टला बाहेरचे हेडर लावलेले असतील आणि पाइप सेल्फला चिकटून जात असेल तर मधे पत्र्याची ढाल लावाच. सेल्फला हात लावायच्या आधी बॅटरीची मायनस केबल काढायची, हे विसरायचं नाही.

फिरतंय पण पेटत नाही

ठिणगी बघायला एचईआयसाठीचा स्पार्क टेस्टर मिळतो तोच वापरा. प्लगची वायर हातात धरून बघायची जुनी सवय इथे करू नका, यात तीस हजार व्होल्टच्या वर जातं. गरम असताना ठिणगी गायब आणि थंड झाल्यावर हजर, तर संशय दोघांवर. एक, टोपीखालचं मॉड्यूल. ते काढून पार्ट्सच्या दुकानात नेलं तर तपासून देतात, पण एकदा तपासून थांबू देऊ नका, पाच-सहा वेळा लागोपाठ करायला सांगा म्हणजे ते तापेल, कारण थंड मॉड्यूल पास होतंच. नवीन बसवताना बूड स्वच्छ पुसून सोबत आलेली सिलिकॉन पेस्ट पातळ लावायची, तिच्यातूनच त्याची उष्णता डेल्कोच्या अंगात जाते, कोरडं बसवलं तर थोड्या दिवसात परत जळणार. दोन, शाफ्टभोवतीची पिकअप कॉइल, जी ठिणगी कधी पाडायची तो इशारा मॉड्यूलला देते. तिच्या दोन वायर व्हॅक्यूम अॅडव्हान्सबरोबर (इंजिनच्या ओढीवर टायमिंग पुढे-मागे करणारी डबी) सतत हलतात आणि आवरणाच्या आत तुटतात, बाहेरून काही दिसत नाही. मीटर लावून ५०० ते १५०० ओहमच्या मधे पाहिजे, आणि मोजताना वायर हळूच हलवत राहा, आकड्याने उडी मारली की चोर सापडला.

पॉइंटवाल्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलच्या आधीच्या पद्धतीच्या, गाडीला कोणी नंतर एचईआय बसवला असेल तर जुनी रेझिस्टरवाली वायर अजून तीच आहे का बघा. एचईआयला पूर्ण १२ व्होल्ट लागतात.

पेट्रोलचं काय

एअर क्लीनर काढा, इंजिन बंद असतानाच कार्बोरेटरच्या घशात डोकावा आणि हाताने थ्रॉटल एकदा उघडा. दोन बारीक पिचकाऱ्या उडाल्या पाहिजेत. काहीच उडालं नाही तर वाटीतलं पेट्रोल उकळून गेलंय किंवा लाइनमध्ये वाफ अडकलीय. उलट घसा ओला, थेंब पडतायत, पेट्रोलचा वास येतोय, तर फ्लड झालंय, अशा वेळी पेडल पूर्ण दाबून धरायचं, पंप करायचं नाही, आणि सेल्फ मारायचा. इथे अमेरिकेत आजच्या बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं आणि हे कार्बोरेटर त्यासाठी बनलेलेच नाहीत. कार्बोरेटरखाली जाड इन्सुलेटर गॅस्केट टाका, पेट्रोलची लाइन एक्झॉस्टपासून लांब घ्या, आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरचा हीट राइझर व्हॉल्व्ह गंजून बंद अवस्थेत अडकलाय का ते हाताने, गाडी थंड असताना, हलवून बघा. तो अडकला असेल तर गरम एक्झॉस्ट सतत कार्बोरेटरच्या बुडाखालून फिरत राहतो.

आता टायमिंग, नीट वेळ देऊन

टायमिंग पुढे गेलं तर सेल्फ अडकतो हे वर आलंच. पण मागे राहिलं तरी गरम स्टार्टच बिघडतो, हे खूप जणांना माहीत नसतं. उशिरा पेटलेलं मिश्रण जळत जळतच एक्झॉस्टमध्ये जातं, मॅनिफोल्ड जास्त तापतात, त्यांच्या शेजारचा सेल्फ आणि वरचा कार्बोरेटर दोघेही शेकतात. म्हणून सेल्फचं किंवा पेट्रोलचं दुखणं निघालं तरी टायमिंग बघितल्याशिवाय काम संपलं असं समजू नका.

पुढच्या पुलीमागे जो जाड बॅलन्सर आहे त्याच्यावर एक खाच असते आणि कव्हरवर डिग्रीची पट्टी. इंजिन बंद ठेवून खाच वायर ब्रशने घासा आणि पांढरा रंग लावा. पण खाचेवर लगेच विश्वास ठेवू नका. बॅलन्सर दोन कड्यांचा असतो, मधे रबर, आणि जुन्या रबरावरून बाहेरचं कडं सरकतं, मग खाच खोटं बोलते. म्हणून एकदा खात्री करा: एक नंबरचा प्लग काढून त्या जागी पिस्टन स्टॉप (पिस्टनला मधेच अडवणारा बोल्ट) घाला, बॅटरीची केबल काढून इंजिन पान्याने हलकेच फिरवा, अडकलं की पट्टीच्या शून्यासमोर बॅलन्सरवर खूण करा, मग उलट फिरवून परत अडकलं की दुसरी खूण. दोन्हींच्या बरोब्बर मधोमध खरा टॉप डेड सेंटर, म्हणजे पिस्टन अगदी वर असतो ती जागा. माझी खाच जवळजवळ एक सेंटीमीटर सरकलेली होती, म्हणजे पाच-साडेपाच डिग्री, आणि मी त्याच खाचेवर तीनदा टायमिंग लावलं होतं. सरकलेला बॅलन्सर बदलायचाच, नुसती नवी खूण करून भागवू नका कारण तो आणखी सरकेल.

मग इंजिन पूर्ण गरम करा, आयडल स्टिकरवर लिहिलंय तितकं उतरवा, डेल्कोच्या व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा. टायमिंग लाइटचा (ठिणगी पडली की लुकलुकणारा दिवा) चिमटा एक नंबरच्या वायरला, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूचा सगळ्यात पुढचा सिलिंडर. सैल बाह्या, लोंबणाऱ्या वायरी पंख्यापासून लांब. बॉनेटखालच्या स्टिकरवर तुमच्या इंजिनाचा आकडा असतो, तोच पकडा, वर्ष आणि इंजिनाप्रमाणे तो बदलतो. डेल्कोच्या बुडाशी ९/१६ चा एकच बोल्ट, तो थोडासाच सैल करा, अंग हाताने हलेल इतकाच. या इंजिनात रोटर, म्हणजे टोपीखाली फिरणारा हात, वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो, म्हणून अंग काट्याच्या उलट फिरवलं की टायमिंग पुढे जातं, काट्याच्या दिशेने फिरवलं की मागे. डेल्को क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे तिथे एक डिग्री हलवली की इथे दोन दिसतात. नखभर हलवा, बघा, परत हलवा. बोल्ट आवळा आणि आवळल्यावर पुन्हा लाइट मारा, आवळताना हमखास थोडं सरकतं.

इतकं करून बरेच जण थांबतात आणि खरी गंमत पुढे आहे. रोटरखाली दोन वजनं आणि दोन स्प्रिंग असतात, आरपीएम वाढले की वजनं बाहेर उघडतात आणि टायमिंग पुढे नेतात. गंजून अडकली तर चढावर दम लागतो, स्प्रिंग सैल झाल्या तर आयडललाच अर्धा अॅडव्हान्स आलेला असतो आणि बेस टायमिंगचा आकडा फसवा येतो. नळी बंदच ठेवून ३,००० आरपीएमपर्यंत न्या, एकूण टायमिंग ३२ ते ३६ च्या दरम्यान जाऊन थांबलं पाहिजे. पट्टीवर इतके आकडे नसतात, तर बॅलन्सरवर स्वतःच खूण करा: ८ इंची बॅलन्सरला ३४ डिग्री म्हणजे परिघावर ६० मिलिमीटर, पावणेसात इंचीला ५१. इंजिन फिरतं त्या दिशेने, म्हणजे समोरून बघताना काट्याप्रमाणे, खाचेच्या पुढे मोजायचं.

लाइटमध्ये खूण एका जागी न राहता नाचत असेल तर टायमिंग चेन बघा. टोपी काढा, बॅटरी सोडा, क्रँक एका दिशेने फिरवा, मग उलट फिरवायला लागा आणि रोटर हलायच्या आधी किती डिग्री रिकामी जाते ते मोजा. आठ-दहाच्या वर गेलं तर चेन ढिली झालीय. त्या काळातल्या बऱ्याच इंजिनांत कॅमच्या गिअरला नायलॉनचे दात असायचे, ते तुटून ऑइल पॅनमध्ये सापडतात. अशा चेनवर टायमिंग कितीही नीट लावा, ते टिकणार नाही.

शेवटी नळी परत लावा, डेल्कोच्या बुडावर आणि ब्लॉकवर मिळून रंगाची एक बारीक रेघ ओढा म्हणजे तो सरकला तर लगेच कळेल, आणि पहिलीच टेस्ट पुन्हा करा, वीस मिनिटं चालवून पंधरा मिनिटं उभी. चढावर टॉप गिअरमध्ये पेडल दाबल्यावर खडखड ऐकू आली तर दोन डिग्री मागे घ्या आणि परत फेरी मारा.