सोसायटी म्हटलं की लोक मेन्टेनन्स समजतात

पहिल्या कार्यक्रमाला सात जण आले होते. त्यात दोघं माझे मित्र, एक हॉलचा माणूस जो पंखे बंद करायला थांबला होता, आणि एक आजोबा टिळकांवरच्या लेखांची कात्रणं घेऊन आलेले, कारण बोर्डावर मी मोठ्या हौसेनं लिहिलं होतं "स्वातंत्र्यवादी विज्ञानसाहित्य : एका सोसायटीची ओळख". पुण्यात स्वातंत्र्य म्हटलं की केसरीवाडा आठवतो आणि सोसायटी म्हटलं की मेन्टेनन्स, त्यात आजोबांची काहीच चूक नव्हती. नंतर दोन-तीनदा अजून आपटून मग जे जमलं ते लिहिते, कुणाला आपल्या भागात हे करायचं असेल तर उपयोगी पडेल.

आधी आपल्याला नीट माहीत पाहिजे की आपण कशाचा प्रचार करतोय. लिबर्टेरियन फ्युचरिस्ट सोसायटी ही अमेरिकेतली छोटी संस्था (लिबर्टेरियन म्हणजे माणसाच्या आयुष्यात सरकारची ढवळाढवळ कमीत कमी असावी असं मानणारे), स्वयंसेवकांवर चालते, आणि तिचं मुख्य काम म्हणजे विज्ञानसाहित्याचा प्रॉमिथियस पुरस्कार. गंमत अशी की पुरस्कार संस्थेपेक्षा जुना आहे. एल. नील स्मिथ या लेखकानं तो १९७९ ला सुरू केला, पहिला एफ. पॉल विल्सनला मिळाला, आणि लगेच गाडी बंद पडली. मग १९८२ मध्ये वाचकांनीच संस्था काढून तो परत चालू केला. १९८३ पासून जुन्या पुस्तकांसाठी वेगळा 'हॉल ऑफ फेम' पण आहे. वर्षाच्या सर्वोत्तम कादंबरीला स्मृतिफलक आणि त्यावर एक औंस सोन्याचं नाणं देतात. एक औंस म्हणजे साधारण ३१ ग्रॅम, आपल्या हल्लीच्या दहा ग्रॅमच्या तोळ्यानं तीन तोळ्यांच्या वर! हे वाक्य लक्ष्मी रोडच्या आसपास कुठंही म्हणून बघा, लोक मान वळवतातच. सोनंच का, तर सरकार नोटा छापत राहतं आणि पैशाची किंमत उतरते, त्या महागाईवरचा तो टोमणा आहे. हा मुद्दा सोनं घेऊन ठेवणाऱ्या आपल्या आज्यांना कुणी शिकवायची गरज नाही.

प्रॉमिथियस कोण हे एका वाक्यात उरका, देवांकडून आगीची चोरी करून माणसांना देणारा ग्रीक पुराणकथांतला एक जण. कुणी संस्कृतवाला असेल तर तो लगेच ऋग्वेदातला अग्नी आणणारा मातरिश्वा काढेल, त्याला दोन मिनिटं द्या आणि पुढं जा, नाहीतर संध्याकाळ तिथंच संपते (आमची एकदा संपली).

आता मुख्य गोष्ट. तत्त्वज्ञान समजावून सांगायला जाऊच नका. लिबर्टेरियन शब्द उच्चारला की अर्ध्या लोकांना लिबरल ऐकू येतं आणि त्यांची आधीपासून तयार असलेली भांडणं सुरू होतात, मग दिल्ली, मग निवडणूक, मग कुणीतरी उठून जातं. त्याऐवजी एक गोष्ट सांगा आणि त्यातला एक प्रश्न मधे टाका. आपल्याकडे माणूस माहिती घ्यायला येत नाही हो, समोरच्याचं कुठं चुकतंय ते सांगायला येतो, आणि तेच आपलं भांडवल आहे.

माझा चाललेला प्रयोग सांगते. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकाची १९०९ सालची एक कथा आहे, 'द मशीन स्टॉप्स', तिला २०१२ मध्ये हॉल ऑफ फेम मिळाला. माणसं जमिनीखाली आपापल्या खोलीत एकेकटी राहतात, खाणंपिणं, औषध, गप्पा सगळं यंत्र पुरवतं, प्रत्यक्ष भेटणं लोकांना किळसवाणं वाटतं, आणि हळूहळू त्या यंत्राचीच पूजा सुरू होते. मी ही पंधरा मिनिटांत सांगितली आणि विचारलं, तुमच्या बिल्डिंगच्या गेटवर जे ॲप आहे ते बंद पडलं तर तुमच्याकडे पाहुणा येऊ शकतो का? बास. पुढचा दीड तास मला बोलावंच लागलं नाही. बॅचलर भाडेकरूंना किती वाजेपर्यंत मित्र आणता येतात, कमिटीला हे ठरवायचा अधिकार दिला कुणी, कामवाल्या मावशींची बॅग तपासायची का, कॅमेरे कुणाच्या दाराकडे तोंड करून आहेत, एक काकू म्हणाल्या की अहो पण चोरी झाल्यावर तुम्हीच कमिटीला शिव्या घालता ना, आणि त्यांचंही बरोबरच होतं. म्हणजे ज्या सोसायटी शब्दानं मला आपटवलं त्याच सोसायटीनं तारलं.

दुसरं हमखास चालणारं म्हणजे हाइनलाइन या अमेरिकन लेखकाची चंद्रावरच्या बंडाची १९६६ सालची कादंबरी, 'द मून इज अ हार्श मिस्ट्रेस', हॉल ऑफ फेमच्या पहिल्याच वर्षीची मानकरी. बंड, सुपर कॉम्प्युटर वगैरे इंजिनिअर पोरं आपणहून वाचतात, तुम्ही फक्त गव्हाचं सांगा. चंद्रावरचे लोक गहू पिकवतात, तो पृथ्वीवर पाठवतात, भाव मात्र वरून नेमलेली यंत्रणा ठरवते, आणि तो गहू खाणाऱ्यांत भारत पण आहे. हे ऐकून चाकण-खेडकडचा कुणी असेल तर तो शरद जोशी आणि कांद्याचं आंदोलन काढणारच, आणि तिथून चर्चा अशी जमिनीवर येते की अमेरिकन लेखक बाजूलाच राहतो. राहू दे की.

राजकारणावरून फाटायला लागलं तर एक उपाय. केन मॅक्लाउड हा डाव्या विचारांचा स्कॉटिश लेखक, त्याला हा पुरस्कार एकापेक्षा जास्त वेळा मिळालाय, कोरी डॉक्टरोलाही २००९ मध्ये 'लिटल ब्रदर'साठी मिळाला. आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' २००९ लाच हॉल ऑफ फेममध्ये गेलं, ज्यात रॉकेट सोडा साधा ट्रान्झिस्टर पण नाही. म्हणजे लेखक कुठल्या पक्षाचा ते बघत नाहीत, सत्ता माणसाचं काय करते हे पुस्तक दाखवतं का ते बघतात. एवढं सांगितलं की दोन्ही बाजूंचे जरा शांत बसतात. आणि मराठी माणसाला हा विषय बाहेरचा आहे असं कुणी म्हणालं तर १९७५ चं कराडचं साहित्य संमेलन आठवून द्या, आणीबाणी चालू असताना अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत लेखनस्वातंत्र्यासाठी काय बोलल्या ते घरातल्या मोठ्यांना माहीत असतं.

कथा वाटायच्या असतील तर सांभाळून. आपल्याकडे लेखक गेल्यावर साठ वर्षं कॉपीराइट राहतो. '१९८४' लिहिणारा ऑर्वेल १९५० मध्ये गेला, त्यामुळे २०११ पासून त्याचं मूळ लिखाण भारतात मोकळं आहे, स्वतः अनुवाद करा आणि खुशाल छापा. 'वी' ही कादंबरी लिहिणारा रशियन झाम्यातिन १९३७ मध्ये गेला, तोही मोकळा, पण तुम्ही ज्या इंग्रजी अनुवादावरून करणार त्या अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. फॉर्स्टर १९७० मध्ये गेला म्हणजे २०३० संपेपर्यंत थांबा, तोवर कथा तोंडी सांगा, अख्ख्या कथेची झेरॉक्स वाटू नका. दुसऱ्याच्या कष्टाची चोरी करून स्वातंत्र्याच्या गप्पा मारणं बरं दिसत नाही. जुन्या इंग्रजी प्रती अप्पा बळवंत चौकात आणि सेकंडहँडवाल्यांकडे मिळून जातात, फक्त विज्ञानकथा मागितली की आधी दहावीचं गाईड पुढं करतात, चिकाटी ठेवा.

एक कथास्पर्धा जरूर घ्या, हजार शब्दांची, विषय एवढाच की २०७५ मधलं पुणे आणि एक नियम जो कुणीतरी मोडतो. नावं झाकून तपासा. नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावानं कथा पाठवली होती, स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून, का तर आपल्या नावाचं वजन पडू नये. आणि पहिला नंबर आला. आपल्याकडे तर परीक्षक आणि स्पर्धक एकाच कट्ट्यावर चहा पितात, त्यामुळे हे जास्तच पाळा. आम्ही बक्षीस एक ग्रॅमचं नाणं ठेवलं, वर्गणी काढून. औंस काही झेपला नाही.

जागेचं म्हणाल तर मोठा हॉल घेऊ नका, वीस जण पन्नास खुर्च्यांत बसले की कार्यक्रम पडल्यासारखा वाटतो, तेच वीस जण कुणाच्या गच्चीवर बसले की हाउसफुल्ल. पालखी शहरात असेल ते दिवस आणि गणपतीचे दहा दिवस सोडून द्या, नदीपलीकडचा माणूस येऊच शकत नाही. मेसेज आदल्या रविवारी एक आणि त्या दिवशी दुपारी एक, त्यात संस्थेचं लांबलचक नाव नको, फक्त प्रश्न टाका. आमचा सगळ्यात चाललेला मेसेज होता, "तुमच्या सोसायटीची कमिटी चंद्रावर गेली तर?"

आणि ज्यांना खरंच गोडी लागेल, दर वीसात एखादा लागतो, त्यालाच मूळ संस्थेचं सभासद व्हायचं सुचवा, सगळ्यांना नाही. सभासद पुस्तकं सुचवू शकतात आणि अंतिम फेरीतल्या कादंबऱ्यांवर मत देतात, पण त्यासाठी त्या वर्षीच्या चार-पाच जाड इंग्रजी कादंबऱ्या वाचाव्या लागतात हे आधीच सांगा. आमच्याकडे अजून कुणी झालेलं नाही, ते कात्रणवाले आजोबा मात्र दर महिन्याला येतात आणि सध्या नातवाच्या टॅबवर अक्षरं मोठी करून ती गव्हाची कादंबरी वाचतायत, निम्म्यावर आलेत.