टाच टेकत नाही आणि यंत्र वाट बघत बसतं

सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवरचा ताबा बिघडणं) म्हणजे काय, जीएमएफसीएसच्या (अशा मुलांच्या हालचालींच्या क्षमतेची वर्गवारी) पाच पातळ्या कोणत्या, एक्झोस्केलेटनमध्ये (पायावर बाहेरून चढवायचा, चालायला मदत करणारा मोटरचा सांगाडा) मोटर, गिअर आणि बॅटरी काय काम करतात, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालू. अशा मुलांसाठी बनवलेल्या यंत्राचा पहिला नमुना मुलाच्या पायात चढवला की पाच मिनिटांत जे कळतं आणि तोवर कुठल्याच वर्गात कळलेलं नसतं, ते खाली आहे.

सगळ्यात मोठा खड्डा टाचेखाली आहे. पावलाचा टप्पा ओळखायला नवखा माणूस हमखास एक दाबाचा सेन्सर टाचेखाली आणि एक चवड्याखाली लावतो. टाच टेकली की पाऊल सुरू, चवडा उचलला की संपलं. धडधाकट सहकाऱ्याच्या पायात हे झकास चालतं. मग ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते मूल येतं आणि चवड्यांवर चालतं. पोटरी आखडलेली, टाच जमिनीला लागतच नाही. यंत्र टाचेची वाट बघत उभं, मूल चार पावलं पुढे. हे तरी बरं. वाईट पुढे आहे: पाचव्या पावलाला मूल दमतं, टाच क्षणभर टेकते, सेन्सर खडबडून जागा होतो आणि यंत्र नको त्या क्षणी जोर देतं. मूल तोंडावर पडू शकतं.

म्हणून टाचेवर विसंबायचंच नाही. सेन्सर चवड्याखाली लावा, तोही एक नको, दोन लावा: एक अंगठ्यामागच्या गादीखाली, दुसरा करंगळीमागच्या. पाऊल आत वळलेलं असेल तर सगळं वजन बाहेरच्या कडेवर येतं आणि अंगठ्याखालचा सेन्सर बिचारा कोराच राहतो. दोन्हींची बेरीज वापरा.

आता कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरचे आकडे त्या मुलाच्या पायाशी जुळवून घेणं. इथे घाई केली की पुढचे तीन आठवडे कंट्रोल अल्गोरिदममध्ये नसलेली चूक शोधण्यात जातात. बूट घालून, पट्टे आवळून, पाय हवेत धरून शून्य घ्या. आवळलेल्या बुटात पाय अधांतरी असतानाही सेन्सरवर दाब असतो. टेबलावर घेतलेलं शून्य त्यामुळे निरुपयोगी. मग मोटर बंद ठेवून वीस पावलं नोंदवा. प्रत्येक पायाचा कमाल दाब वेगळा काढा, कारण डावा आणि उजवा सारखे नसतातच. ‘टेकलं’ म्हणायचा उंबरठा त्या कमालीच्या ६० टक्क्यांवर आणि ‘उचललं’चा ३० टक्क्यांवर ठेवून सुरुवात करा, दोन्ही एकाच आकड्यावर ठेवले तर पाय फरफटताना यंत्र फडफडत राहतं. एकदा पाऊल ओळखलं की पुढचे २५० मिलिसेकंद दुसरं मान्य करू नका. नडगीवर एक जायरोस्कोप (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर) लावा. पाय पुढे जातो तेव्हा नडगीच्या फिरण्याचा वेग झपकन वाढतो, ती दुसरी साक्ष. दोन साक्षी जुळल्या नाहीत तर टॉर्क (सांधा फिरवणारा जोर) शून्य. शंका असताना मदत करायची नाही. पंधरा मिनिटांनी वीस पावलांची नोंद पुन्हा घ्या, कारण दमलेलं मूल वेगळं चालतं. मोजा घडी पडून सेन्सरवर आला असेल तर तेही इथेच दिसतं.

यावर ‘मशीन लर्निंगने टप्पे ओळखू’ असं सुचवणारा कोणी ना कोणी भेटतोच. धडधाकट प्रौढांच्या चालीवर शिकवलेलं मॉडेल या मुलांच्या पायात आंधळं असतं. त्या मुलाचीच भरपूर पावलं हातात असतील तर जरूर करा. तोवर दोन सेन्सर आणि एक जायरोस्कोप पुरे.

दुसरी गोष्ट वेगाची. स्पॅस्टिसिटी (स्नायूंचा ताठरपणा) वेगावर अवलंबून असते: तोच स्नायू हळू ताणला तर सैल सुटतो, झटक्याने ताणला तर अडतो. फिजिओथेरपिस्टला टार्ड्यू चाचणी करायला सांगा आणि दोन कोन लिहून घ्या. एक, अगदी हळू नेल्यावर सांधा जातो तिथवरचा. दुसरा, वेगाने नेल्यावर स्नायू जिथे पकडतो तो. या दोन कोनांमधल्या पट्ट्यात मोटरने घाई केली की स्नायू उलटा झगडतो, तुम्ही टॉर्क वाढवता, तो आणखी झगडतो. घोट्याला जमीन मागे ढकलायला मदत करताना पोटरी आखूडच होत असते, त्यामुळे तिथे निभावतं. पाऊल हवेत वर उचलून धरताना पोटरी ताणली जाते. गुडघा सरळ करताना मांडीच्या मागचे स्नायू ताणले जातात. या दोन ठिकाणी टॉर्क एकदम देऊ नका, निदान १०० ते १५० मिलिसेकंदांत चढवा. पकड जाणवली तर आणखी सावकाश.

सुरुवात किती टॉर्कने? घोट्यासाठी वजनाच्या दर किलोला ०.१ न्यूटन-मीटर. २० किलोच्या मुलाला म्हणजे २ न्यूटन-मीटर. ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण मुलाला ते जाणवतं. पुढे ०.०५च्या पायरीने, एका दिवशी एकच पायरी. यंत्राने पाय हलवून दाखवणं हे यश नव्हे, मुलाचे स्वतःचे स्नायू कामात राहायला हवेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी २०१७ साली गुडघे वाकवून चालणाऱ्या सात मुलांवर केलेला अभ्यास याच मुद्द्यासाठी वाचा. गुडघा सरळ व्हायला मोटरची मदत मिळाली आणि तरीही मुलांचे स्नायू काम करतच राहिले.

सॉफ्टवेअरमधली मर्यादा ही मर्यादा धरू नका. सांध्याला धातूचा अडथळा हवा, हळू मोजलेल्या कोनाच्या पाच अंश अलीकडे. आणीबाणीच्या बटणाचं काय होतं तेही आधी ठरवा. वीज तोडली की घोटा मोकळा होतो, ते ठीक. गुडघ्याला आधार देणारी मोटर सुटली तर मूल खाली बसतं. म्हणून चाचणीत वरून हार्नेस (पडताना धरून ठेवणारे अंगावरचे पट्टे) लावलेलाच हवा, मूल कितीही छान चालत असलं तरी.

मोठ्यांचं यंत्र ७० टक्के आकारात छापून वापरायचा शॉर्टकट सोडून द्या. मुलाचं वजन कमी, पण मोटर तेवढ्याच प्रमाणात हलकी होत नाही, आणि पावलावरचं वजन कमरेवरच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त दमवतं. मोटर आणि बॅटरी कमरेला, जोर केबलने खाली. केबल वाकली की आतलं घर्षण बदलतं, म्हणून टॉर्क घोट्यापाशीच मोजा; मोटरच्या करंटवरून अंदाज बांधू नका. वाढत्या वयाची सोयही ठेवा: नडगीच्या दांड्यात ३–४ सेंटिमीटर सरकायला जागा.

मार्गदर्शकाबद्दल स्पष्ट बोलायचं तर, ज्याने कधी ताठरलेल्या पायात बूट चढवला नाही त्याच्याकडून कंट्रोल थिअरी शिका, फिटिंग नको. फिटिंग ऑर्थोटिस्टकडे (हातापायांना आधार देणारी साधनं बनवून बसवणारा) शिका. आधी खुबा आणि गुडघा दुमडायचा, पाय सैल पडू द्यायचा, टाच मुठीत धरून मागे-खाली बसवायची आणि घोट्यावरचा तिरका पट्टा सगळ्यात आधी ओढायचा. वरचा पट्टा आधी लावला की टाच वर सरकते आणि सेन्सर जागचे हलतात. पहिल्यांदा पंधरा मिनिटं लागतील. लागू द्या, सगळ्यांनाच लागतात.

मुलांना विचारायचं तेही हातात वस्तू देऊन. ‘कसं वाटतंय?’ला उत्तर ‘छान’ येतं, ते सोडून द्या. दोन पट्टे समोर धरा, एक रुंद, एक अरुंद, आणि गप्प बसा. बोलायला वेळ लागणाऱ्या मुलासाठी दहा सेकंद मोजा. मधल्या वेळात आई उत्तर द्यायला लागली तर हसून थांबवा. थांबवायचं बटण मुलाच्या हाती द्यायचं असेल तर दचकल्यावर त्याचा हात काय करतो ते आधी बघा. कुणाची मूठ घट्ट मिटते, कुणाचा हात सताड उघडतो. मूठ मिटणाऱ्याला दाबायचं सपाट बटण दिलं तर ते नेमकं गरजेच्या वेळी दाबलं जात नाही. दुसरं बटण शेजारच्या मोठ्या माणसाकडे असायलाच हवं. गिअरच्या आवाजानेही काही मुलं ताठरतात, म्हणून पायात चढवण्याआधी यंत्र नुसतं टेबलावर चालवून दाखवा.

नोंदवहीत रोज एक ओळ ठेवा: स्नायू सैल करणारं बोट्युलिनम इंजेक्शन कधी झालं, ताठरपणावरच्या बॅक्लोफेन औषधाचा डोस बदलला का. इंजेक्शनचा परिणाम साधारण तीन-चार महिने राहतो. त्याआधीचे आणि नंतरचे आकडे एकाच तक्त्यात टाकलेत तर यंत्राला फुकटचं श्रेय मिळेल.

आणि प्रत्येक फेरीनंतर मोजे काढून त्वचा बघा: टाचेची मागची बाजू, घोट्याची हाडं, नडगीची धार. लाली वीस मिनिटांत ओसरली नाही तर त्या दिवशी पुन्हा यंत्र चढवायचं नाही. मूल ‘अजून एकदा’ म्हणेल, बहुतेक वेळा म्हणतंच. बूट कपाटात ठेवा आणि त्या जागेवरचं पॅडिंग कापून सैल करा.